फुगे फोडायचा खेळ

४ जानेवारी, रविवार

डोकं उठलं! दुपारपासून दिवेलागणीपर्यंत माझ्या बाहेरच्या खोलीत नुसती तोंडं चालू. विषय काय — बंदुकांचे व्हिडिओ गेम खेळून पोरं बिघडतात का.

मास्तरीण म्हणाली, "माझ्या वर्गात पोरं एकमेकांना बोटांनी गोळ्या घालतात." टोपीवाला गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. घरातसुद्धा टोपी काढत नाही, टक्कल असणार. तो म्हणाला, "बोटांनीच ना? मग झालं तर!" मोबाईल दुरुस्तीवाला म्हणाला, गेमचं सोडा, आधी आईबापांच्या हातातला फोन काढा. मग तिघं एकदम बोलायला लागले आणि सगळ्यांच्या वर आमच्या भिंगरीचा आवाज. माझी नात. एका जागी बसत नाही म्हणून लहानपणापासून भिंगरी. ही मंडळी तिनेच जमवली. दर रविवारी माझ्याकडे बसतात, कारण बाकी कुणाच्या घरी एवढा कालवा खपवून घेत नाहीत. मीही घेतला नसता. पण त्या निमित्ताने पोरगी येते.

शेवटी मला विचारलं, "आजी, तुमचं काय मत?" म्हटलं, "मी जन्मभर हॉटेलच्या धुलाईखात्यात तापलेली इस्त्री हातात धरली. कुणाला चटका दिला नाही. एका मुकादमाला सोडून. आणि मी कुठला गेम खेळत नव्हते."

हसून हसून लोळले. हसायचं काय त्यात? खरंच दिला होता.

५ जानेवारी

आज फुगे चांगले फुटले!

टीव्हीच्या डोक्यावर भिंगरीने काही महिन्यांपूर्वी एक काळा डबा बसवून दिलाय. त्याला एकच डोळा. टीव्हीवर फुगे येतात, आपण समोर उभं राहून हवेत हात मारायचा, फुगा फट्! उंचावरचा फोडायला एका पायावर उभं राहावं लागतं. पहिल्यांदा म्हटलं, हे काय खुळ्यासारखं. आता सकाळी चहा झाला की मीच उभी राहते. इस्त्रीचा हात, फटके बसतात बरोबर. दुरुस्तीवाल्याने दाखवलं होतं, गोल बटण दाबलं की आपण कसे खेळलो त्याचा सिनेमा दिसतो. म्हटलं, बाबा, मला माझी पाठ बघायची हौस नाही.

६ जानेवारी

साहेबांचा फोन. साहेब म्हणजे माझाच मुलगा, भिंगरीचा बाप. माझ्याच पोटचा, पण बोलणं असं की मी अर्ज घेऊन उभी आहे.

"आई, जेवलीस का? औषध घेतलंस का? आणि चालताना जरा जपून. डावीकडे झुकतेस तू."

डावीकडे झुकते! खरं आहे, डावा पाय हल्ली दगा देतो. पण मी कुणाला बोलले नाही. भिंतीलासुद्धा नाही. गेल्या वर्षी मोरीत घसरले, तेव्हाच त्याने ठणकावलं होतं — "पुन्हा तोल गेला तर हे घर विकायचं आणि तू माझ्याकडे." त्याच्याकडे म्हणजे बाराव्या मजल्यावर, कपडे धुवायच्या मशीनशेजारच्या खोलीत. सून वाईट नाही. पण तिच्या घरात खुर्ची हलवायचीसुद्धा चोरी. मला माझ्या घरात मरायचंय, माझ्या खुर्चीवर, आणि खुर्ची मला पाहिजे तिथे.

मग त्याला कुणी सांगितलं?

७ जानेवारी, बुधवार

बुधवारी मी दवाखान्यात रक्तदाब दाखवते आणि तिथल्या बाकावर मैत्रिणींबरोबर बसते. घरी येईपर्यंत दुपार होते. भिंगरी तेवढ्यात येऊन जाते, तिच्याकडे किल्ली आहे. डब्यावर धूळ बसते म्हणे, पुसावी लागते. स्वतःच्या टेबलावर शेवाळ उगवलं तरी न पुसणारी ही!

माझी शाल चार पदरी घडी घालून ठेवली होती. मी तीन पदरी घालते. थंडी वाजली असेल तिला. पण घडी! धुलाईखात्यातल्या बाईची नात आणि अशी घडी.

११ जानेवारी, रविवार

आज विषय — दरवर्षी नवा फोन घ्यावा का. दुरुस्तीवाला पेटलाच. "बॅटरी आतून चिकटवून देतात! का? तर माझ्यासारख्याने उघडू नये म्हणून!" टोपीवाला म्हणाला, लोकांना नवं आवडतं, त्याला कंपनी काय करणार. मास्तरीण म्हणाली, जुने फोन कचऱ्यात जातात, तो कचरा कुणाची पोरं चिवडतात ते बघा.

माझं लक्षच नव्हतं. मी डब्याकडे बघत होते. मी डावीकडे झुकते हे बघायला ह्या घरात दुसरा डोळा आहे कुठे? तो एकच.

भिंगरीला विचारलं, "हा फक्त खेळच ना गं?"

"खेळच तर आहे, आजी." आणि लगेच चहाचे कप उचलून आत. ही कधी कप उचलते?

१५ जानेवारी, गुरुवार

आज मी सापळा लावला. समोरच्या घरातली नर्स रात्रपाळी करून आली होती. पोरगी उंच, सरळ, छडीसारखी. म्हटलं, "दोन मिनिटं ये. माझ्या नावाने फुगे फोड."

ती उभी राहिली तर डबा म्हणतो, ओळख पटत नाही! हातभर डबा, पण माणूस ओळखतो. मग तिला माझी शाल पांघरली, डोक्यावरून घेतली. म्हटलं, "वाक जरा."

"किती वाकू?"

"कंबर गेल्यासारखी. पण रडवेली होऊ नकोस, मी रडवेली नाही."

पटली ओळख! मग काय, फट् फट् फट्. एका पायावर बगळ्यासारखी. जाताना म्हणते, "आजी, असं पेशंटला करायला लावतात आमच्याकडे. तोल बघायला."

मी दार लावलं आणि तिथेच टेकून उभी राहिले.

१७ जानेवारी, शनिवार

साहेबांचा फोन. आवाजात गूळ.

"आई, कमाल आहे! काय तोल सुधारलाय तुझा! इतके दिवस जेमतेम होता, आता एकदम तरुण!"

"तुला कसं कळलं रे?"

"अगं... भिंगरी म्हणत होती."

सापडलास. भिंगरीने मला सोमवारपासून पाहिलेलंसुद्धा नाही. बुधवारी आली तेव्हा मी दवाखान्यात. आणि नर्स खेळली गुरुवारी.

म्हणजे मी सकाळी सकाळी खुळ्यासारखी हात हलवत होते, आणि तो डबा मला तपासत होता. मी खूश व्हायचे! फुगे जास्त फुटले की मी स्वतःशीच टाळी द्यायचे. ह्या वयात! कुणीतरी लांब बसून बघतंय, म्हातारी अजून चालेल की काढायची मोडीत.

आणि आणला कुणी? जिच्यासाठी मी रविवारचा कालवा सोसते तिने.

१८ जानेवारी, रविवार



आजचा विषय माणसांवर यंत्राने पाळत ठेवावी का. काय योग! मी कोपऱ्यात गप्प. मास्तरीण म्हणाली, शाळेत कॅमेरे आले आणि मारामाऱ्या थांबल्या. टोपीवाला म्हणाला, आजारी, एकट्या माणसांसाठी चांगलंच आहे की. मग भिंगरी उठली. ती बोलताना उभीच राहते. म्हणाली, "ज्याच्यावर नजर ठेवायची त्याला विचारलं नाही तर ती चोरी. मायेने केली तरी चोरीच." दुरुस्तीवाल्याने टाळी वाजवली.

मी विचारलं, "हा डबा माझं काय काय चोरतो?"

टोपीवाल्याने टोपी काढली — डोकंभर केस निघाले! — आणि म्हणाला, "आजी, तुम्हाला माहीत नव्हतं? आमच्याच कंपनीचा आहे. खेळता खेळता तोल मोजतो. आठवड्यातला सगळ्यात चांगला खेळ तेवढा घरच्यांना कळवतो. हिरवा किंवा लाल, आणि कुठल्या बाजूला झुकतं माणूस. बस. मला वाटलं, हिने तुम्हाला..."

मी भिंगरीकडे बघितलं. पोरगी पांढरीफटक.

"तू मोरीत घसरलीस, तेव्हाच बाबा तुला न्यायला निघाले होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, आधी मोजून बघू. तेवढ्यावर थांबले."

"आणि मला सांगितलंस, खेळच आहे म्हणून."

"हो."

"वर आत्ता इथे उभी राहून चोरीवर भाषण केलंस."

खाली बसली. जी कधी एका जागी बसत नाही ती! मास्तरीण माझा हात धरायला आली, तो मी काढून घेतला. सगळ्यांना म्हटलं, "उठा. पुढच्या रविवारी दुसरं घर बघा. आणि म्हातारी पण दुसरी बघा, हसायला."

दारात भिंगरी थांबली. हळूच म्हणाली, "आजी, बाबांना फोन करू नकोस. त्यांना काही म्हणजे काही सांगू नकोस. मी बुधवारी येते, मग सगळं सांगते. फक्त बुधवारपर्यंत थांब."

बाप ओरडेल ही भीती! अजून स्वतःचंच बघतेय.

"बुधवारी नाही आणि कधीच नाही. किल्ली ठेव."

तिने किल्ली टीव्हीशेजारी ठेवली आणि गेली. जिन्यात मागे वळून बघितलं नाही. मीही नाही बघितलं.

१९ जानेवारी

फोन केला. का नाही करणार? साहेबांना सुनावलं सगळं. "तुझ्या डब्याला नर्सने फसवलं! शाल पांघरून! एवढी अक्कल त्या डब्याला!"

मला वाटलं, शरमेल. तो म्हणाला, "म्हणजे आकडे खोटे?"

"तेवढा एक खोटा. आधीचे माझे. अस्सल."

"मग माझ्यासमोर खेळून दाखव. मी शनिवारी येतो. हिरवं आलं तर पुन्हा विषय काढणार नाही, आई. शब्द देतो."

म्हटलं, ये. बघच.

२१ जानेवारी, बुधवार

दवाखान्यात गेले नाही. दाराशी कुणी आलं नाही. शालीची घडी तीन पदरीच.

२४ जानेवारी, शनिवार

साहेब आले. बूट काढले, सोफ्याच्या कडेला बसले, पाहुण्यासारखे. मी उभी राहिले. फुगे आले. खालचे फोडले. मधले फोडले. वरच्यासाठी उजवा पाय उचलला आणि डावा गेला. त्याने धावत येऊन धरलं म्हणून, नाहीतर जमीनच होती.

टीव्हीवर लाल.

"परत," मी म्हटलं. परत लाल. तिसऱ्यांदा त्यानेच डबा बंद केला.

मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं तोंड करेल. तसं नाही केलं. डोळे पुसले त्याने. ते बघून मला अजून राग आला. म्हणाला, "कळत नाही गं. नर्सचं सोड, पण त्याआधी इतके महिने हिरवं होतं. काठावरचं, पण हिरवं. एकदम असं कसं झालं?"

मला तरी कुठे कळतंय? खेळणारी मी होते ना.

महिनाअखेर टेम्पो येणार. खुर्ची न्यायची का, विचारत होता. म्हटलं, विचारून सांग तुझ्या घरात ती हलवता येईल का.

२५ जानेवारी, रविवार

आज कालवा नाही. घड्याळ तेवढं बोलतंय.

सकाळी गोल बटण दाबलं. माझे चांगले खेळ गेले कुठे ते बघायला. प्रत्येक आठवड्याचा एकेक सिनेमा, खाली वार. पहिला निघाला कालचा, माझा लाल. दुसरा नर्सचा, तो माहीत होता. त्याच्या मागचा लावला. बुधवार. माझी शाल. शालीत भिंगरी. त्याच्या मागचा. बुधवार. शालीत भिंगरी. त्याच्या मागचा, त्याच्याही मागचा. कंबर वाकवून, खालचा ओठ माझ्यासारखा पुढे काढून हवेत हात मारतेय. काही फुगे मुद्दाम सोडून देतेय, खोटं वाटू नये म्हणून.

शाल उलटी पांघरलीय. डावा पाय मात्र हुबेहूब माझा ओढते.

किल्ली टीव्हीशेजारीच आहे.