दगडांचे बाण

११ नोव्हेंबर, मंगळवार

गाईडच्या पोरी आज पुन्हा चुकल्या. सगळ्याच्या सगळ्या! मी गायरानातल्या बाभळीखाली थर्मास घेऊन वाट बघत बसले आणि ह्या निघाल्या पार पाण्याच्या टाकीपाशी.

मागखुणा म्हणजे काही फार मोठी विद्या नव्हे. दगडांचा बाण करायचा, तो दाखवेल तिकडे जायचं. फुली असेल तर तो रस्ता बंद. गाईडच्या पहिल्या पायरीच्या, प्रथम सोपानच्या परीक्षेत असा किलोमीटरभर माग काढावा लागतो. सहावी-सातवीतल्या, शेतात वाढलेल्या पोरी, नुसत्या हंबरण्यावरून म्हैस कुणाची ते सांगतात. आणि बाण वाचता येत नाही?

खूप बोलले. जरा जास्तच. दीपा संघनायिका, तुकडीची पुढारी, म्हणून सगळं तिच्यावर आलं. "मॅडम, बाण टाकीकडंच हुता. आईशप्पत." मी म्हटलं, गाईडनं शपथा कमी घ्याव्यात आणि डोळे उघडे ठेवावेत. रडली. खुणा काल संध्याकाळी मी स्वतःच्या हातानं मांडल्या होत्या, त्यामुळे मला शंका यायचं कारण नव्हतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शाळा सुटल्यावर जाऊन बघितलं. दीपाचं खरं.

ओढ्याच्या वळणावर माझा बाण उसाच्या बांधाकडे होता. तो आता टाकीकडे. शिवाय बांध सुरू होतो तिथे दगडांची फुली — मी न घातलेली. शेरडांच्या पायानं बाण हलला असेल असं म्हणता येईल, पण शेरडं फुली घालत नाहीत. म्हणजे कुणीतरी खोडी करतंय, आणि जिला खुणा येतात तीच करतेय.

दीपाची माफी मागायला हवी. जिवावर आलंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

माफी मागितली. सगळ्यांसमोर. दीपा एवढी लाजली की तिलाच शिक्षा झाल्यासारखं वाटत होतं. मग दोन वेळा विचारलं, खुणा कुणी फिरवल्या? प्रत्येकीचं एकच, "मी न्हाई मॅडम."

हेडसरांनी बोलावलं. एकोणतीस तारखेला परीक्षक येणार. "मॅडम, गेल्या वर्षी एकही मुलगी पास नाही. यंदाही पोरी रस्ताच चुकणार असतील तर पथक बंद करू. तो तास गणिताला घ्या." गणित मीच शिकवते. धमकी होती की बक्षीस, कळलं नाही.

बंद होऊ देणार नाही. ह्या पोरी सकाळी साडेसहाला पाणी, शेण, जळण यातलं काहीही न करता घराबाहेर पडतात ते फक्त पथकासाठी. मला पोरी आवडतात, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पकडली.

काल संध्याकाळी खुणा मांडून गेल्यासारखं केलं आणि टाकीच्या भिंतीमागे बसून राहिले. डासांनी फोडून काढलं. दिवस मावळायच्या सुमारास आली — ज्ञानेश्वरी. आमची ज्ञानेश्वरी! सगळ्यात आधी गाठी शिकलेली, दोन वेळा काही सांगावं न लागणारी. पाठीवर दप्तर. खाली बसली, बाण फिरवला, मग बांधाच्या तोंडाशी फुली घातली. माझ्यापेक्षा नीट.

मनगट धरलं. कशाला केलंस? कुणी सांगितलं? आत्तापर्यंत दोन वेळा विचारलं तेव्हा "मी न्हाई मॅडम" म्हणून खोटं बोलली होतीस ना? होय म्हणून मान हलवली. शेवटी एवढंच — "तिकून नका नेऊ, मॅडम."

का?

"नका नेऊ. बस."

बांध तिच्याच बापाचा! मला वाटलं, आमच्या पायांनी बांध ढासळेल म्हणून घरच्यांनी पढवलं असणार. आज सकाळी सगळ्यांसमोर तिचा स्कार्फ मागितला. म्हटलं, गाईडची दीक्षा देताना मी विचारलं होतं, तुझ्या वचनावर विश्वास ठेवू ना? तू हो म्हणालीस. तिनं स्कार्फ काढला, गुडघ्यावर ठेवून व्यवस्थित घडी घातली आणि दोन्ही हातांनी दिला. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ज्ञानेश्वरी शाळेत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आजही नाही. मी काही चुकीचं केलेलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटी तिच्या घरी गेले. वडील गहिनीनाथ, मोठा अदबशीर माणूस. खुर्ची पुसून दिली. आईनं, भागिरथीबाईंनी, चहा ठेवला. पोरीला ताप होता म्हणे. मी आडवळणानं बांधाचा विषय काढला.

"न्या की मॅडम बांधावरून. आपलाच बांध हाय, कोन आडवतंय?" मग म्हणाला, "फकस्त आठच्या पुढं न्या. दव आसतं. पोरी घसरत्याल."

म्हटलं, परीक्षक सातलाच सुरू करणार, त्यांना पुढे सोनईत दुसरी शाळा आहे. नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं. भागिरथीबाईंनी मला न विचारता आणखी चहा ओतला. ज्ञानेश्वरी दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे एकटक बघत होती. तापानं डोळे लाल.

परत येताना डोक्यात प्रकाश पडला — बिबट्या! मागे ऊसतोडवाल्यांनी बांधापलीकडच्या उसात बघितला म्हणून गाव बोंबलत होतं. पोर घाबरलीय आणि सांगायला लाजतेय. एवढंच! मी उगाच डोंगराएवढं केलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज सराव बिबट्यासाठीचा. चौघीचौघींनी चालायचं, काठ्या आपटायच्या, मोठ्यानं गाणं म्हणायचं. पोरींना फारच आवडलं, अर्ध्या गावाची झोप मोडली.

ज्ञानेश्वरी आली. स्कार्फाविना रांगेत शेवटी उभी. सुटल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, मी बिबट्याला न्हाई भेत." गेली.

मग कशाला भितेस?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवते.

सकाळी आमचे शिपाई मच्छिंद्रभाऊ उशिरा आले. त्यांचा कुत्रा मेला. गहिनीनाथच्या बांधावर सापडला. मी लगेच, बिबट्या?

"बिबट्यानं मारलं आसतं तर ठिवलं आसतं का मॅडम? पाय करपल्यात त्याचं."

मला कळेना. त्यांनी मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. रानडुकरं उसात शिरतात, म्हणून काही जण रात्री बांधाच्या कडेनं उघडी तार सोडतात, गवतातून, वीतभर उंचीवर. शेताजवळच्या लाईनवर आकडा टाकायचा की तारेत करंट. सकाळी आकडा काढायचा. "काढायचा राह्यला की मग आसं हुतं. कुनाला बोलनार? समद्यांना म्हायती हाय."

सगळ्यांना माहिती होतं. मला नव्हतं. सातवीतल्या पोरीला होतं.

मी त्याच बांधावरून नेणार होते. बाण फिरला नसता तर पोरी पहिल्याच दिवशी तिथून गेल्या असत्या. अंधुक उजेडात, दवानं चिंब गवतातून, एकामागे एक. पुढे दीपा. ज्ञानेश्वरीनं तीन वेळा बाण फिरवला म्हणून आज माझ्या सगळ्या पोरी जिवंत आहेत. आणि मी तिचा स्कार्फ काढून घेतला. चारचौघांत. किती मूर्ख बाई आहे मी.

२६ नोव्हेंबर, बुधवार

हेडसरांना सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "रस्ता बदला. विषय संपला." म्हटलं, आपण बदलू, पण तिथून दुसरी माणसं जातात, ऊसतोडवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या पडल्यात पलीकडे, त्यांची पोरं उजाडायच्या आत परसाकडे जातात. तर म्हणाले, "तक्रार करा. गहिनीनाथ आत जाईल. आणि गाव म्हणेल, पोरीनंच मॅडमला सांगितलं. मग ती पोर कुठं राहील, मॅडम?"

राग आला, कारण बोलणं खोटं नव्हतं. तिनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही ते ह्याचसाठी. बापाचं नाव राखलं आणि मैत्रिणींचे जीवही. बाराव्या वर्षी. दुपारी लाईटच्या ऑफिसचा नंबर लावला, रिंग वाजायच्या आत कट केला.

शाळा सुटल्यावर सरळ गहिनीनाथकडे गेले. मच्छिंद्रभाऊंच्या कुत्र्यावरून सुरुवात केली, पोरीचं नावही काढलं नाही. तो खाली बघत राहिला.

"हौस हाय का मॅडम? एका रातीत चार चार सरी लोळवत्यात. फटाकं वाजवून बघितलं, उसाच्या कडंनं साड्या बांधून बघितल्या. वरीसभर सांभाळायचं आन डुकरांनी खायचं?"

म्हटलं, आणि माणूस चिकटला तर? मी हटून बसले. चहाही घेतला नाही — इथे ही मोठी गोष्ट. शेवटी म्हणाला, "तार काढायचं एकदम न्हाई जमायचं, ऊस तुटूस्तवर. पन पहाटं पाचला आकडा निघंल. मानूस उठायच्या आत. शब्द देतो तुमाला."

पाचला. म्हणजे ऊसतोडवाल्यांची पोरं उठतात तोवर तार मेलेली. पूर्ण जिंकले नाही, पण तक्रार नाही, पोलीस नाही, पोरीवर आळ नाही. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

स्कार्फ परत दिला. सगळ्यांसमोर घेतला होता, सगळ्यांसमोर दिला. म्हटलं, ज्ञानेश्वरीनं जे केलं ते का केलं हे मला उशिरा कळलं. चूक माझी होती. बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या. दीपानं मात्र काही न विचारता तिला रांगेत आपल्या शेजारी ओढून घेतलं. कदाचित तिलाही माहिती असेल. मला आता कशाचंच नवल वाटत नाही.

ती म्हणाली, "पर मी खोटं बोलले हुते, मॅडम." म्हटलं, हो, बोललीस. पुढच्या वेळी माझ्याशी भांड, पण सांग. नुसतीच हसली. पहिल्यांदा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सगळ्या पास!

परीक्षकबाई कडक होत्या. गाठी दोनदोनदा सोडायला लावल्या, एकीला वचन म्हणताना मध्येच थांबवून अर्थ विचारला. माग टाकीकडूनच नेला. गहिनीनाथच्या शब्दावर विश्वास आहे, पण पोरी माझ्या आहेत. खुणा मांडायला ज्ञानेश्वरीला पाठवलं. बाई एका बाणापाशी थांबून म्हणाल्या, "हे कुणी मांडलंय? किती स्वच्छ!" मी नाव सांगितलं आणि खोकल्याचं निमित्त करून पुढे झाले.

हेडसरांनी पेढे आणले. पथकाचा तास पथकालाच राहिला, गणिताला गेला नाही.

१ डिसेंबर, सोमवार

ज्ञानेश्वरी तासाला पेंगत होती. खडू मारणार होते, नाही मारला. मधल्या सुट्टीत विचारलं, रात्रभर परीक्षेचा आनंद करत होतीस का?

"न्हाई मॅडम, पाचला उठावं लागतंय आता. आकडा मीच काढते ना. आदी उजाडल्यावर काढायचे. पन पप्पांनी तुमाला शब्द दिलाय."

अंधारात? तू?

"बॅटरी असती की. एका हातात बॅटरी, एका हातात बांबू. पप्पा रातभर उसाला पानी धरून झोपलेले असत्यात."

म्हटलं, उद्यापासून हात लावायचा नाही. शांतपणे म्हणाली, "मग आई काढील."

लाईटच्या ऑफिसला फोन लावला. तक्रार कुणाची म्हणून लिहू, असं पलीकडून विचारलं. माझं नाव सांगितलं.