मान डोलेपर्यंत

चि. गुरुमूर्तीस,

देवळाच्या सभेत तू माईकवरून माझ्या मराठी वर्गाला म्हाताऱ्याचं स्वप्न म्हणालास. तुझं डोकं तुझ्या पक्षाच्या पत्रकासारखं आहे, एकाच बाजूला छापलेलं.

शाळेतले आपले तमिळचे रामस्वामी सर आठवतात? कविता संपली की ते वाद घालायला लावत. आधी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं, की त्याची मान डोलली पाहिजे. मगच आपलं. त्यांचा तो आवाज अजून कानात आहे.

म्हणून आज तुझी बाजू लिहिली: इथे पिढ्या गेल्या, आता आपली भाषा तमिळच. बाबा मराठीत रागवायचे, पण शेवटचं पाणी त्यांनी तमिळमध्ये मागितलं. माझ्या वर्गाला तीन मुलं येतात, तीही मी कविता म्हणू लागलो की पेंगतात. तुला हे इतकं नीट कधीच मांडता आलं नसतं.

हे खरं आहे. तरी वर्ग चालणार, आणि तू मूर्खच आहेस.

बुधवारी बाबांचं श्राद्ध. यंदा तू वेगळं करणार, असं तुझी बायको भामा सांगून गेली. हे पत्र पाठवत नाही. तुला देवनागरी कुठे वाचता येते? घरी आलास तर वाचून दाखवीन.

माझी बाजू अजून लिहिलेली नाही. आधी तुझी मान डोलायला हवी.

तुझाच,
अण्णा