रंगाखालचा पत्रा

आश्विन शु. ९, खंडेनवमी

पाने, हातोड्या, जॅक सगळं धुऊन पाटावर मांडलं. गॅरेजचा शेठ सिंधी, पण आज नारळ स्वतः फोडतो. "लोहा खिलाता है भाई, लोहे को हाथ जोडो."

दाजी अंबरनाथहून साहेबाची काळी गाडी घेऊन आले. दाजी म्हणजे आक्काचे मालक, कारखान्याच्या साहेबाकडे ड्रायव्हर. बंगल्यामागच्या खोलीत राहतात दोघं. उद्या गाडीची पूजा आणि डिकी ही अशी खरवडलेली! मला राहवेना. मधला ब्रेकचा दिवा उतरवला, दोन हात रंग मारला. रंग पुरता वाळला नव्हता तरी दिवा चढवला, दाजींना घाई. स्वस्तिक काढायला काय झकास जागा झाली. दिवा रंगाआधी तपासला होता, लागत होता.

आश्विन व. १

काल कोजागिरीचं दूध आक्काकडे. हात धुवायला नळावर गेलो तर दाजी मागोमाग. "दिनू, ब्रेकचा दिवा लागत नाही रे. गाडी थांबतेय हे मागच्याला कळत नाही."

कामाने डोकं उठलेलं. म्हटलं, "दाजी, तुम्ही पाय चोरता. तेलाचा दाब बसल्याशिवाय स्विच लागत नाही. दाबा की जरा मर्दासारखे!" वर हसलो. ते नाही हसले. "एकदा बघून घे," एवढंच. आणा सवडीने, म्हटलं. गॅरेजात ही गर्दी, कोणाकोणाचं बघू?

व. ४

वाईट झालं. काल तिन्हीसांजेला रस्त्यात म्हैस आडवी आली, दाजींनी ब्रेक मारला. मागून सायकलवर भाजीवाला, तो सरळ डिकीवर. हात मोडला बिचाऱ्याचा.

आज साहेब स्वतः गॅरेजात. दाजी मागे उभे. "दिवा बंद होता. तुम्हाला माहीत होतं?" शेठ माझ्या तोंडाकडे बघतोय. मी म्हणालो, "गाडी दिली तेव्हा चालू होता, साहेब. नंतर बिघडला तर ड्रायव्हरने सांगायला नको?"

असं बोललो मी. दाजी समोर असताना. 'मी याला सांगितलं होतं' असं ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. टोपी काढून हातात धरली आणि माझ्याकडे बघत राहिले. साहेबाने तिथल्या तिथे चावी काढून घेतली.

व. ५

गाडी माझ्याकडेच दुरुस्तीला. डिकीला पोचा, दिवा शाबूत. मनात एकच धावा, स्विच जळलेला निघू दे देवा, म्हणजे कुणाचाच दोष नाही.

स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना टेकवल्या. दिवा नाही. म्हणजे स्विचचा दोष नाही. बल्ब काढून बॅटरीवर धरला, लख्ख. दिव्यापर्यंतची वायर तपासली, करंट येतोय. मग उरलं काय? परतीची वाट. करंट दिव्यातून डिकीच्या पत्र्यात उतरतो, पत्र्यातून बॅटरीकडे जातो. दिव्याच्या बुडापासून उघड्या लोखंडापर्यंत तारेचा तुकडा धरला. लागला!

दिवा उतरवला. खाली माझा रंग. जाड, गुळगुळीत, स्क्रूच्या भोकांतसुद्धा उतरलेला. सुरीने खरवडला, दिवा परत बसवला. लागला. एवढंच होतं. आणि मी त्या माणसाला पाय दाबायला शिकवत होतो. जमीन फाटून पोटात घेईल तर बरं.

व. ६

शेठला सांगितलं. "नया स्विच डाला, ऐसा बोल. साहेब की सब गाडियां इधर आती हैं, दिनू. तेरे अकेले का पेट है क्या?" त्याचंही खोटं नाही. सिंधमधून रिकाम्या हाताने आला, बराकीत राहून हे गॅरेज उभं केलं.

साहेबाला शेठनेच सांगितलं, स्विच गेला होता. मी खाली बसून एक नट आवळत राहिलो. तो आवळलेलाच होता.

व. १२, वसुबारस

आक्का-दाजींनी खोली सोडली. बदलापूरला मांजर्लीत, दाजींच्या चुलतभावाच्या पडवीत. सामान पोचवायला बोलावलं होतं. काम आहे म्हणालो. काम नव्हतं.

लक्ष्मीपूजन

साहेबाच्या बंगल्यावर गेलो. फाटकापर्यंत. नवा ड्रायव्हर गाडी पुसत होता. "क्या काम है?" "कुछ नहीं." थू माझ्या जिंदगानीवर.

कार्तिक शु. २, भाऊबीज

मांजर्ली. आक्काने पडवीतच पाट मांडला. दाजी उंबऱ्यावर. सध्या लोकांच्या भातकापणीला जातात, विळ्याने बोट कापलंय, चिंधी बांधलेली.

कुंकू लावता लावता आक्का म्हणाली, "दिनू, तूच सांग रे ह्यांना. वेळेवर तुझ्या कानावर घातलं असतं तर ही पाळी आली असती का? घरचा मेकॅनिक असून! मी रोज बोलते. हे नुसतं ऐकून घेतात."

मी दाजींकडे बघितलं. ते चिंधी सोडून परत बांधत होते. म्हणजे तिलाही सांगितलेलं नाही. रोज बोलणी खाल्ली आणि माझं नाव काढलं नाही.

"आक्का, त्यांनी मला सांगितलं होतं. कोजागिरीला."

"सणाचं राहू दे ना रे," दाजी म्हणाले.

"दिवा माझ्याच रंगाने बंद पडला. साहेबापुढे मी खोटं बोललो."

आक्काने ताट खाली ठेवलं. ओवाळलं नाही. आत गेली.

दाजींना म्हटलं, उद्या दोघं साहेबाकडे जाऊ, मी सगळं सांगतो, माझी नोकरी गेली तर जाऊ दे. "तू जा. सांग. मी नाही येणार. ज्याने मला एका शब्दाने विचारलं नाही त्याच्या दारात..." उठून नदीकडे गेले.

दुपार कलली. आतून भांडी आपटल्याचा आवाज येतोय. तिला हाक मारायची छाती होत नाही. भावाने ओवाळून घेतल्याशिवाय पाटावरून उठू नये म्हणतात. बसून आहे.