आमच्या घराला अर्थ नसल्याची हकिकत

चि. भाऊजींस वहिनीचे पोटभर आशीर्वाद.

तुम्ही पाठवलेले सामान तीन आठवड्यांमागच्या शनिवारी दुपारी पोचले, ते असे. लाकडी खोके एक, त्यात पुठ्ठ्याचे खोके एक, त्यात तुमचे यंत्र, नग एक, वजन पाण्याने भरलेल्या पिंपाइतके. अंगठ्याएवढ्या जाड वायरी, नग तीन. कार्डांची चित्रे असलेल्या रिकाम्या पेट्या, नग चार (रिकाम्या पेट्या गाडीभाडे देऊन का पाठवल्या हे ह्यांना विचारले, तर म्हणाले हमीसाठी लागतात. पेटीच्या आत फक्त हमीच होती, हे खरे). गाडीभाडे तुम्ही भरले म्हणालात, गाडीवाला म्हणाला अर्धेच मिळाले, सबब साडेपाचशे. हमाल दोन, दीडशेप्रमाणे तीनशे. बोळाच्या वळणावर तिसरा आला, तो खोक्याला हात न लावता नुसता 'डावीकडे, डावीकडे' म्हणत होता, त्याचे शंभर. एकूण साडेनऊशे. चहा धरलेला नाही. चहा आपल्या माणसांच्या खात्यात.

इकडे देवाच्या दयेने सगळे ठीक. ह्यांची सर्दी गेली, सर्दीचे वर्णन अजून चालू आहे. आईंचे गुडघे थंडीत धरतात, तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही कसे आहात? वेळेवर जेवता का? फोनवर विचारले की तुम्ही 'हो वहिनी, हो वहिनी' म्हणता आणि मागे बटणे दाबल्याचा आवाज येत असतो, म्हणून हे पत्र. कागदाला 'हो वहिनी' म्हणून भागत नाही, तो वाचावा लागतो.

तुम्हाला फक्त एवढेच जाणून घ्यायचे आहे की यंत्र आमच्याकडे राहणार की परत येणार. घरमालकाने यंत्र बाहेर नाहीतर तुम्ही बाहेर असे सांगितले, आणि यंत्र बंद राहिले तर हातातले काम जाईल, हे सगळे मी ध्यानात ठेवले आहे. निकाल पत्राच्या शेवटी दिला आहे. मधे उडी मारू नये. (लोकांची न बांधलेली घरे तुम्ही कॉम्प्युटरवर इतकी सुरेख रंगवून देता, आणि तुमच्या स्वतःच्या यंत्राला मात्र घर मिळेना, याचे मला दोन दिवस हसू येत होते. तिसऱ्या दिवशी थांबले. का ते वाचा.)

तुम्ही म्हणाला होतात, वहिनी, साधा कॉम्प्युटर आहे, कोपऱ्यात कुठेही ठेवा. साध्या कॉम्प्युटरला चित्रे रंगवणारे एक कार्ड पुरते म्हणतात, आणि पुष्कळांचे तेवढ्यावाचूनही चालते. तुमच्या यंत्रात चार आहेत, आणि कार्ड म्हणजे मला वाटले होते वाचनालयाचे असते तसे काही असेल, तर एकेक विटेएवढे, त्याला पुन्हा स्वतःचे पंखे. आता पाहुणा आला म्हटल्यावर त्याला उघड्यावर ठेवणे बरे दिसेना. मागच्या खोलीतले भिंतीतले कपाट रिकामे केले, वरच्या खणात रजया राहू दिल्या, खाली पाहुणा. धूळ बसू नये म्हणून उरलेल्या लोकरीचे विणलेले आच्छादन घातले (दूरध्वनीला घातले होते तेच, दोन टाके वाढवून), दार लावले आणि किल्ली कमरेला.

तुम्ही तिकडून इंटरनेटवरून यंत्र चालू केलेत आणि वीस मिनिटांत ते बंद पडले. पुन्हा चालू, पुन्हा बंद. चौथ्यांदा तुम्ही फोनवर विचारलेत, वहिनी, तिथे हवा आहे ना? मी म्हटले हवा सगळीकडेच असते. कपाट उघडले तेव्हा मात्र वरच्या रजया नुकत्याच इस्त्री केल्यासारख्या गरम होत्या. म्हणजे बिचारे यंत्र बंद कपाटात, लोकर पांघरून, स्वतःच्याच वाफेत बसले होते आणि घेरी आली की डोळे मिटत होते. बरे तर बरे, त्याला डोळे मिटायची अक्कल होती. तुम्ही हे आधी सांगितले असते तर माझे दोन टाके वाचले असते.

मग त्याला कपाटातून काढून खोलीत मेजावर ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून आले, केस ओले, हातही ओलेच, आणि नवीन वस्तूला करते तसा पाहुण्याला हात लावून नमस्कार केला. भाऊजी, बोटांपासून कोपरापर्यंत अशा झिणझिण्या गेल्या की मी जागच्या जागी उभी राहिले. एकतीस वर्षे नेमाने जप करते, एक दिवस चुकवला नाही. वाटले, आलीच प्रचिती. डोळ्यांत पाणी आले. आईंना हाक मारली. त्यांनी काठी टेकवत येऊन यंत्राच्या कडेला बोट लावले आणि म्हणाल्या, "अगं, हा देव आपल्या फ्रीजमध्येसुद्धा असतो."

आणि खरेच असतो. धुण्याच्या यंत्रातही असतो. मी ह्यांना वर्षानुवर्षे सांगत होते की हात लावला की काहीतरी होते, तर हे म्हणत, तुझ्या मनाचे खेळ आहेत. (त्यांच्या पायात रबरी चपला असतात. मनाचे खेळ रबरातून जात नाहीत असे दिसते.)

यानंतरचा प्रसंग बोर्डाचा. मेजावरून यंत्राची वायर भिंतीपर्यंत पोचत नव्हती, म्हणून घरातला लांब वायरचा बोर्ड लावला होता. त्याला चार भोके. एकात फ्रीज, एकात इस्त्री, एकात मिक्सर, चौथे रिकामे. रिकामे भोक वाया घालवणे मला जमत नाही हे तुम्ही जाणताच. मंगळवारी मी इस्त्री करत होते, मिक्सरही चालू होता, आणि तुम्ही तिकडून कुणाचा तरी चार मजली बंगला रंगवायला घेतलात. जळका वास आला. हे म्हणाले शेजारून येतो आहे. मी बोर्डाकडे पाहिले तर पाहुण्याचा प्लग कडेने तपकिरी झालेला आणि प्लॅस्टिक मऊ पडलेले. मेन बंद केला, हात जोडले, आणि वायरमनला निरोप धाडला. त्याच दिवशी मी ह्यांना सांगून टाकले, हे धूड परत जाणार. गाडीवाल्याचा नंबर मी वहीत जपून ठेवला होताच.

वायरमन आला. माणूस मोजके बोलतो, जणू प्रत्येक शब्दाला मजुरी पडते. त्याने बोर्ड पाहिला, प्लग पाहिला, पाहुण्याशेजारी मी आगीची काळजी म्हणून ठेवलेली पाण्याची बादली पाहिली, ती मुकाट्याने उचलून मोरीत नेऊन ठेवली. मग भिंतीतल्या प्लगच्या तिसऱ्या भोकात, म्हणजे वरच्या मोठ्या भोकात, दिव्याची वायर घालून पाहिली. दिवा लागेना. दुसऱ्या खोलीत पाहिले, तिथेही लागेना. मी चहाचा कप घेऊन उभी. त्याने माझ्याकडे वळून अगदी शांतपणे सांगितले, "काकू, तुमच्या घराला अर्थच नाही. नुसता दिखावा आहे."

भाऊजी, तुम्ही मला ओळखता. मी चहा परत आत नेऊन ठेवला, बाहेर आले आणि त्याला ऐकवले. म्हटले, मी मॅट्रिक आहे. एकतीस वर्षांची जमाखर्चाची वही दाखवते, एका दिवसाची बेरीज चुकलेली नाही. दोन वेळा देवाचे नाव घेतल्याशिवाय या घरात कुणी घास घेत नाही, सासूबाईंना कधी उलट बोलले नाही (आई आतून खोकल्या, ते मी ऐकले नाही), भांडण शेजारी गेले नाही, उसने आणलेले दुसऱ्या दिवसावर गेले नाही. दिखावा म्हणाल तर पडदे अकरा वर्षांचे आहेत. या घराला अर्थ नाही तर कुणाच्या घराला आहे? असे पाव तास चालले. ह्यांनी वर्तमानपत्र उंच धरले होते, पण पान उलटत नव्हते.

वायरमनने सगळे ऐकून घेतले. शेवटी म्हणाला, "ते सगळं खरं आहे, काकू. पण जमिनीपर्यंत पोचत नाही."

मग त्याने उलगडून सांगितले. तिसऱ्या भोकातून एक वायर जमिनीत जायला हवी. यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती त्या वायरीने मातीत जाते. ती वायर नसली तर वीज वाट बघत बसते, कुणीतरी ओल्या हाताने नमस्कार करायला येईल म्हणून. त्या वायरीला इंग्रजीत म्हणतात अर्थ, म्हणजे माती. आमचे घर बांधणाऱ्याने भिंतीला तीन भोकांचे प्लग बसवले आणि तिसऱ्यामागे काहीच जोडले नाही. म्हणजे हा माणूस अक्षरशः खरे बोलत होता. मी आत जाऊन चहा गरम केला आणि बरोबर बिस्किटे नेली, दोन.

त्याने मागच्या अंगणात खड्डा खणला, माणूस उभा राहिला तर डोके दिसेल न दिसेल इतका खोल. त्यात तांब्याचा दांडा, कोळसा आणि मीठ. (मीठ माझ्या बरणीतले. एवढे मीठ मी वर्षात वापरत नाही.) शेजारीण कुंपणावरून दोनदा डोकावली आणि काय पुरता आहात असे तिने विचारले. मी म्हटले, घराला अर्थ आणतो आहोत. तेव्हापासून ती माझ्याशी फार जपून बोलते.

मग मेनपासून पाहुण्यासाठी वेगळी जाड वायर, मोठ्या पिनांचा प्लग, आणि फक्त त्याच्यासाठी वेगळे बटण, जे भार जास्त झाला की आपणहून पडते. लांब वायरच्या बोर्डाला या खोलीत यायची बंदी. पाहुणा मेजावर मोकळा, भिंतीपासून हातभर लांब, पाठ खिडकीकडे, की गरम वारा बाहेर जावा. छताला धुराची घंटा. (ती पहिल्या दिवशी माझ्या उदबत्तीला वाजली. आता उदबत्ती पुढच्या खोलीत.) बादलीच्या जागी विजेच्या आगीवर चालणारे लाल नळकांडे. जाताना वायरमनने विचारले, हे यंत्र एवढे खाते तरी किती? तुम्हाला फोन लावून दिला, तर तुम्ही म्हणालात प्रत्येक कार्ड साडेतीनशे वॅट, पण अडीचशेवर बांधून ठेवता येते आणि कामात दहातला एक हिस्सासुद्धा कमी होत नाही.

भाऊजी, हे वाक्य मी पाठ केले आहे. जेवण चौथ्या हिश्शाहून जास्त घटते आणि काम जवळजवळ तेवढेच. अशी सोय असताना तुम्ही इतके दिवस त्यांना साडेतीनशेने वाढत होतात? मी ह्यांच्याकडे पाहिले, तर ते उठून फिरायला गेले.

तर निकाल. यंत्र इथे राहील, अटी चार. अडीचशेच्या वर एकही कार्ड जाणार नाही. विजेचा वेगळा मीटर बसवला आहे, त्याचे तुम्ही भराल. माझी इस्त्री चालू असताना बंगले रंगवायचे नाहीत, झोपडी चालेल. आणि वर्षाच्या आत दुसरी जागा बघाल. गाडीवाल्याचा नंबर वहीत आहे, तो खोडलेला नाही. तुमचे काम जाऊ नये हीच देवाजवळ प्रार्थना. वायरमनचा हिशेब वेगळ्या चिठ्ठीवर जोडला आहे, त्यातले अर्थाचे आमचे, कारण घर आमचे आहे.

कळावे, लोभ आहेच तो अडीचशेवर न बांधता असू द्यावा.

तुमची वहिनी

ता. क. रिकाम्या पेट्यांपैकी एकीत आईंची लोकर ठेवली आहे. हमीला बाधा येत असल्यास कळवणे.

ता. क. दुसरा. गेल्या आठवड्यात आईंनी आपली खुर्ची उचलून मागच्या खोलीत, पाहुण्याच्या पाठीशी, खिडकीच्या आणि गरम वाऱ्याच्या मधोमध नेली. रोज चार ते सहा तिथे बसतात. गुडघे मोकळे झाले म्हणतात, परवा काठीशिवाय दारापर्यंत आल्या. यंत्र घुमायला लागले की म्हणतात, धाकटा कामाला बसला. परवा दोन दिवस तुमचे काम नव्हते, तर खुर्चीतून त्यांनी चारदा विचारले, धाकटा का गप्प आहे, आजारी आहे का. मी थाप मारली की जेवायला उठला आहे.

ता. क. तिसरा. तेव्हा वरच्या अटींपैकी पहिली आणि चौथी वाचू नये. चार ते सहा काम नसले तरी काहीतरी रंगवत जावे, कुणाचेही घर चालेल, आणि थंडी संपेपर्यंत कार्डांना साडेतीनशे खाऊ द्यावे. त्या दोन तासांची वीज माझ्या वहीत लिहीन. मात्र तुम्ही स्वतः चार दिवस येऊन त्या खुर्चीशेजारी बसलात तर तेवढी वीज वाचेल. कोणत्या गाडीने येता ते उलट टपाली कळवणे.