दुखणं कधीपासून?

आई, आज रोह्याच्या ऑफिसात मॅडमनी माझे सगळे फॉर्म परत दिले. समासात पेन्सिलीने लिहिलेलं खोडून आण म्हणाल्या. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते आणि एंडोमेट्रिओसिस हा शब्द आपल्या घरात कुणी ऐकलाही नव्हता. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर, भलत्याच जागी वाढतं आणि पाळीत तिथेही दुखतं. हा आजार कुणाला होण्याचा धोका जास्त, याचा आमचा अभ्यास चाललाय. मी दारोदार फिरून बायकांना विचारते, पाळी कितव्या वर्षी आली, किती दिवसांनी येते, मुलं किती. घरातली पहिली पदवीधर हे काम करते म्हटल्यावर तू आधी लाजली असतीस.

मुलं कमी असलेल्या बायकांत हा आजार जास्त दिसतो, असं पुस्तकं सांगतात. पण मुलं कमी म्हणून आजार, की आजारामुळे मुलं कमी? फॉर्ममध्ये दुखतं का, एवढंच आहे. कधीपासून, ते नाही. मागे नदीपलीकडे अष्टमी गावात एका घरी प्रश्न सुनेला विचारत होते आणि उत्तरं सासू देत होती. "लिव गो, एकच पोर हाय. आजून दोन झाली असती तर पोट मोकलं झालं असतं. म्हनून दुखतंय तिचं." मी निघाले तशी भाजीची पिशवी घेऊन सून माझ्यामागे पुलापर्यंत आली. "ताई, शालंत होते तवापासून दुखतंय. पोर मागनं झाला. ह्ये लिवलंस काय?" म्हटलं, त्याला जागाच नाही. "मंग कागुद घेऊन फिरतंस कशाला गो?" पुलाच्या कठड्यावर फॉर्म टेकवून मी समासात लिहिलं. त्यानंतर प्रत्येकीला विचारत गेले.

मॅडम वाईट नाहीत. "मंजुरी याच फॉर्मची आहे, आणि आधीच्या बायकांना हा प्रश्न विचारलेलाच नाही, मग तुलना कशी करणार?" त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्याचाच मला राग येतो. आधीच्या बायकांकडे मी पुन्हा जाईन, चालत जाईन म्हटलं, तर नुसत्या हसल्या. म्हणजे उद्या अहवालात तेच छापून येणार, जे ती सासू म्हणत होती, फक्त शुद्ध भाषेत.

मला अजून दिसतं, पेणच्या गणपतीच्या कारखान्यात तू मूर्ती घासतेयस, पापण्यांवर पांढरी धूळ. अडचणीत मूर्तीला हात लावायचा नाही म्हणून बायका घरी राहायच्या आणि पाचव्या दिवशी परत यायच्या. तू यायचीस सातव्या, आठव्या दिवशी. मालकीणबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "एक पोरगी झाली, तरी नाटकां केवढी!" तू हसलीस आणि घासत राहिलीस. मी शाळेतून थेट तिथे आले होते, दप्तर पाठीवर. मला तुझीच लाज वाटली. पुढच्या महिन्यात तू चुलीपाशी फडक्यात गुंडाळलेली गरम वीट पोटाशी धरून बसलीस, तेव्हा मी म्हटलं, "आई, सगल्यांचंच दुखतं." तू म्हणालीस, "व्हय गो, सगल्यांचंच," आणि उठून भाकऱ्या थापायला लागलीस. मला पाळी आली तेव्हा मात्र तू बाजारातून रबराची गरम पाण्याची पिशवी आणलीस. स्वतःला वीट आणि मला पिशवी. मला कधी दुखलंच नाही, आई. ती अजून कोरी आहे.

आज समासातलं सगळं आधी वहीत उतरवलं, मग एकेक फॉर्म खोडला. मॅडमना वहीचं सांगितलेलं नाही. हेही त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय, तिथेच राहील. ढिगात सर्वांत खाली माझा फॉर्म निघाला, प्रशिक्षणात आम्ही स्वतःवरच भरून पाहिलेला. आईला असा त्रास होता का? होता. त्याच्या समासात खोडण्यासारखं काही नव्हतं. लग्नाआधीपासून, की माझ्यानंतर? मॅडमशी ज्या प्रश्नावरून भांडले, तो मी तुला एकदाही विचारला नाही.