लोणच्याच्या बरण्यांचा चोर

पप्पा,

तुमचा डोळा लागलाय तोवर निघते. जागे असता तर माझा पाय निघाला नसता. कोन गावाला, माहेरी आईकडे चाललेय. तुमच्या हितेशला सांगा, त्या बाईला आता काल्हेरला लपवून ठेवू नकोस, खुशाल घरी आण.

भाकऱ्या आणि सुकटीची चटणी झाकून ठेवलीय. डोळ्यांत थेंब घाला, पण मागच्यासारखे कानाचे नको. चिठ्ठी मोठ्या अक्षरांत लिहिलीय, तुम्हाला वाचता येईल अशी.

पुस्तक टीव्हीपाशी आहे. रोज जेवणानंतर मी एक प्रकरण वाचायचं, तुम्ही ऐकायचं, आणि शेवट आधी बघायचा नाही, हे आपलं ठरलेलं. काय हसलोय आपण त्या लोणच्याच्या दुकानावर, बरण्या पळवणाऱ्या चोरावर! तुमचा संशय पहिल्यापासून दुकानदाराच्या सुनेवर. मी चिडले की तुम्हाला आणखी चेव यायचा.

आता तुम्हाला वाचून कोण दाखवणार? म्हणून सकाळी शेवट वाचून टाकला. सांगते.

सुनेनं काहीच केलं नव्हतं. बरण्या घरचाच मुलगा नेत होता.

आणि पप्पा, सासऱ्याला ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

रुचिका