एक वेढा कमी

प्रिय,

तुझ्या डोळ्यांवर पट्टी आहे, म्हणजे हे पत्र सिस्टर वाचून दाखवणार. म्हणून लाडाचं काही लिहीत नाही, तू समजून घे. घरी सगळं ठीक आहे. सासूबाई दोन वेळा जेवतात आणि दहा वेळा तुझी चौकशी करतात.

तू दवाखान्यात गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रसूतिगृहाचा जळालेला ट्रान्सफॉर्मर आपल्या दुकानात दुरुस्तीला आला. तिथं सगळं जनरेटरवर चाललेलं. कारागीरच नाही म्हटल्यावर तो घेऊन आलेला ठेकेदार परत न्यायला निघाला. मी म्हटलं, राहू द्या, नवी तार गुंडाळून मी भरते. बारा वर्षं तुझ्याशेजारी बसून तार सोडली, ती काय उगाच? जाड तारेचे आतले चाळीस वेढे, वर कागद, त्यावर बारीक तारेचे हजार. सहा दिवस लागले. मग गाभ्याचे पातळ पत्रे बसवले आणि आधी बाहेरच्या तारेला बॅटरी लावली. आतल्या तारेवरच्या मीटरचा काटा जरासा हलला आणि शून्यावर झोपला. मग चाचणीपुरती घरातली, सारखी दिशा बदलणारी वीज दिली, दोनशे तीस व्होल्ट, आणि काटा उठून उभा राहिला. दोन तारा एकमेकींना कुठंच शिवत नाहीत, मधला कागद मी माझ्या हातानं गुंडाळलाय. तरी लोखंडातलं चुंबकत्व चढतं-उतरतं आणि पलीकडच्या तारेत वीज जागी होते. तू गिऱ्हाइकांना हे सांगताना शंभरदा ऐकलंय, पण त्या दिवशी अंगावर काटा आला. मी किती तरी वेळ नुसती बघत बसले.

मग आकडा पाहिला. हजाराला चाळीस, म्हणजे पंचविसावा हिस्सा, नऊ पूर्णांक दोन यायला हवे होते. आले नऊच. मीटर बदलला, तरी नऊ. म्हणजे आत एकोणचाळीसच वेढे होते. सासूबाईंनी जेवायला हाक मारली तेव्हा एक निसटला असणार. ठेकेदार म्हणाला, एका वेढ्यानं कुणाचं काय अडतंय, द्या बंद करून. खरं सांगते, मोह झाला. पण त्या मुक्या लोखंडानं माझी चूक बरोबर पकडली होती, त्याच्यासमोर खोटं कसं बोलू? सगळं उसवलं. या खेपेला सासूबाईंना समोर बसवून मोठ्यानं मोजायला लावलं. नऊ पूर्णांक दोन! काल सकाळी तो तेल भरून जागेवर बसवला. जनरेटर बंद झाला आणि त्या शांततेत त्याचं घुमणं ऐकू आलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गुरुवारी तुझं ऑपरेशन. दृष्टी येईलच असं डॉक्टर सांगत नाहीत, म्हणून तू मला न विचारता दुकान विकत घ्यायला माणूस पाठवलास. तो आज आला होता. चहा दिला आणि परत पाठवला. चिडू नकोस. तुला दिसलं तर दोघं भरू, नाही दिसलं तर तू सांग, मी भरीन. कालपासून तीन फेजचा एक मोठा ट्रान्सफॉर्मर येऊन पडलाय आणि त्याच्या जोडण्या मला येत नाहीत. कधी येतोस?

तुझीच,
दुकानातली दुसरी कारागीर